बुंधा जमिनीतच राहू द्या

अमरावतीत किंवा अकोल्यात घराच्या आवारातले जुने झाड वाळले, वादळात पडले किंवा रीतसर परवानगी काढून तोडले, की लाकूड दोन दिवसांत उचलले जाते. फांद्या जळणाला जातात, खोड आरागिरणीवाला नेतो आणि जमिनीत रुतलेला बुंधा तेवढा मागे राहतो. तो दिसत राहतो तोवर घरच्यांना चैन पडत नाही. मग कोणी जेसीबी बोलावतो, कोणी बुंध्याला भोके पाडून त्यात मिठाच्या पिशव्या रिकाम्या करतो, कोणी गॅरेजमधले जळके ऑइल ओतून पेटवून देतो. हे तिन्ही उपाय शेजारीपाजारी खात्रीने सांगितले जातात आणि तिन्हींचा भर एकाच गोष्टीवर असतो: बुंधा लवकरात लवकर नाहीसा व्हावा. माझे म्हणणे याच्या उलट आहे. वऱ्हाडातल्या काळ्या जमिनीत मोकळ्या आवारातला बुंधा उपटून काढणे हे बहुतेक वेळा घराचे आणि मातीचे नुकसान करून घेणे आहे. तो जमिनीलगत कापावा, झाकावा आणि जागच्या जागी कुजू द्यावा. याला अपवाद आहेत, त्यांच्याकडे पुढे येतोच. पण आधी ज्या मातीत हा बुंधा उभा आहे ती माती समजून घ्यायला हवी, कारण पुण्या-मुंबईत किंवा कोकणातल्या जांभ्यावर चालणारा सल्ला इथे चालत नाही.

वऱ्हाडातली जुनी गावे पांढरीवर वसली आणि शेती काळीत राहिली. पांढरीची माती भिंतींना चालते, पावसात फारशी फुगत नाही आणि उन्हाळ्यात फाटत नाही. गेल्या दोन पिढ्यांत शहरे वाढली ती मात्र काळीत. अकोल्याच्या चहूबाजूंच्या नव्या वस्त्या, अमरावतीचे बडनेरा-भातकुलीकडच्या अंगाचे ले-आउट ही काल-परवापर्यंत कपाशी-तुरीची वावरे होती. त्या वावरांच्या धुऱ्यावर निंब होते, बाभळी होत्या, कुठे चिंच, कुठे आंबा होता. वावराचे अकृषक प्लॉट पडले तेव्हा धुऱ्यावरचे झाड कुणाच्या तरी कंपाउंडात आले आणि त्याच्यापासून दहा-पंधरा फुटांवर घराचे कॉलम उभे राहिले. अमरावतीच्या पूर्वेला वडाळी, छत्री तलाव आणि पोहऱ्याच्या टेकड्यांकडे मुरूम वरच लागतो, त्यामुळे तिथे या लेखातली निम्मी काळजी आपोआप कमी होते. पूर्णेच्या खोऱ्यात मात्र काळी माती खोल आहे. बेसॉल्ट झिजून झालेल्या या मातीत स्मेक्टाइट नावाची चिकण खनिजे भरपूर असतात. त्यांच्या थरांत पाणी शिरले की ती फुगतात, पाणी निघून गेले की आकसतात. मे महिन्यात जमिनीला हात जाईल अशा भेगा पडतात आणि जुलैत त्याच जमिनीत पाय रुततो. घराखालची जमीनही असेच करत असते, फरक इतकाच की ती दिसत नाही. या मातीवर घर कसे बांधावे यासाठी रुरकीच्या केंद्रीय भवन संशोधन संस्थेने तळाशी फुगवटा असलेल्या अंडर-रीम्ड खांबांची पद्धत विकसित केली. हे खांब साधारण साडेतीन मीटर खोल नेतात, कारण ऋतूंनुसार होणारी मातीची हालचाल तिथवर बरीच मंदावते. मुंबईच्या आयआयटीत प्राध्यापक आर. के. कट्टी यांनी काळ्या मातीवर न फुगणाऱ्या चिकट मातीचा थर दाबून बसवण्याचे तंत्र मांडले. एवढी बुद्धी ज्या मातीला आवरण्यासाठी खर्च झाली, तिच्यात घराशेजारी खोल खड्डा खणण्याआधी थोडे थांबणे रास्त आहे.

आता झाडाचे काम बघू. मोठा निंब उन्हाळ्यातही हिरवा राहतो, कारण त्याची मुळे खोलवरची ओल ओढून घेतात. वर्षानुवर्षे हे चालते आणि झाडाभोवतीची माती आसपासच्या मातीपेक्षा कोरडी व आकसलेली राहते. झाड तोडले की हा उपसा एका दिवसात बंद होतो. पुढच्या पावसाळ्यांत ओल परत भरते, माती फुगते आणि तिच्यावर जे काही उभे असेल ते वर उचलले जाते. हे उचलणे एका पावसात संपत नाही. चिकणमातीत पाणी फार हळू शिरते, म्हणून ते काही वर्षे चालू राहते. इंग्लंडमध्ये १९७६ च्या दुष्काळात लंडनच्या चिकणमातीवरील हजारो घरांना तडे गेले आणि त्यात झाडांनी शोषलेल्या पाण्याचा वाटा मोठा होता. तिथल्या नॅशनल हाउस बिल्डिंग कौन्सिलच्या नियमांत आज उभ्या झाडांसोबत जागेवरून काढून टाकलेल्या झाडांचाही हिशेब पायाची खोली ठरवताना धरावा लागतो. जास्त पाणी ओढणाऱ्या झाडाचा प्रभाव त्याच्या उंचीच्या सव्वापट अंतरापर्यंत मोजतात. हे आकडे तिथल्या झाडांचे आणि हवेचे आहेत, ते जसेच्या तसे अकोल्याला लावता येणार नाहीत. पण तत्त्व मातीचे आहे, आणि आपली माती लंडनच्या मातीपेक्षा फुगण्यात मागे नाही. यातून घरमालकाने स्वतःला विचारायचा पहिला प्रश्न निघतो: झाड आधीचे की घर आधीचे? घर जुने आणि झाड नंतर लावलेले असेल, तर झाड गेल्यावर माती आपल्या मूळ ओलीकडे परत जाते आणि घराला फारसा धोका नसतो. झाड धुऱ्यावरचे जुने आणि घर त्याच्या सुकवलेल्या मातीवर बांधलेले असेल, तर झाड गेल्यावर घराखालची जमीन पूर्वी कधी नव्हती इतकी फुगेल. दाराची चौकट अडकू लागणे, खिडकीच्या कोपऱ्यातून तिरपा तडा जाणे, फरशीला मधोमध उंचवटा येणे ही त्याची लक्षणे आहेत. लोक त्यांचे खापर गवंड्यावर फोडतात.

जेसीबी यात काय करतो ते आता स्पष्ट व्हावे. दीड-दोन फूट जाडीच्या निंबाचा बुंधा मुळांसकट काढायला साधारण सहा फूट लांब, सहा फूट रुंद आणि चार फूट खोल खड्डा लागतो. म्हणजे १४४ घनफूट, जवळजवळ चार घनमीटर. तीच माती परत टाकून बुजवली तरी ती पोकळ बसते, आणि पहिल्या मोठ्या पावसात छपरावरचे व अंगणातले पाणी त्या पोकळ जागेकडे धाव घेते. ज्या जमिनीला हळूहळू भिजायचे होते, तिला एका जागी, खोलवर आणि एकदम भिजवायची सोय आपणच करून ठेवतो. घरापासून दहा फुटांवर असे पाण्याचे टाके गाडून ठेवायला कोणी तयार होणार नाही; बुंधा काढण्याच्या नावाखाली मात्र तेच घडते. शिवाय सात-आठ टन वजनाचे ते यंत्र ओल्या काळ्या मातीवरून दोन फेऱ्या मारते तेव्हा आवाराची माती इतकी दबते की पुढे तिथे फुलझाडही धड रुजत नाही. नळाची लाइन, सेप्टिक टाकीचे झाकण, कंपाउंडाचा पाया यांची मोडतोड वेगळीच. आणि एवढे करूनही आडवी मुळे निघत नाहीत. झाडाची बहुतेक मुळे वरच्या दोन-तीन फुटांत असतात आणि फांद्यांच्या घेराच्याही बाहेर पसरतात. मुळांचे वजन जमिनीवरच्या झाडाच्या साधारण चौथ्या हिश्श्याइतके भरते. यंत्र मधला गड्डा काढते आणि बाकीचे तोडून तिथेच सोडते. म्हणजे ‘सगळे काढले’ हे समाधानही खरे नसते.

कोणी म्हणेल, आपले आजोबा-पणजोबा बुंधे खणतच होते की. खणत होते, पण जळणासाठी. पऱ्हाट्या, तुराट्या आणि गोवऱ्या पावसाळ्यात पुरत नसत, तेव्हा निंबा-बाभळीचा बुडखा म्हणजे चुलीची मोठी बेगमी होती. ते काम सब्बल, टिकास आणि कुऱ्हाडीने महिनाभर थोडे थोडे चाले, आणि बहुधा वावरात किंवा गावाबाहेर. काँक्रीटच्या घराला चिकटून, एका दुपारी, चार फूट खोल खणण्याचा त्या परंपरेशी संबंध नाही. आज घरोघरी गॅस आला, बुडख्याला गिऱ्हाईक उरले नाही, आणि उपसून काढलेला गड्डा नालीच्या काठावर पडून राहतो.

मिठाचा उपाय मला जेसीबीहून वाईट वाटतो, आणि वऱ्हाडात तर तो असह्य वाटावा. पूर्णेच्या दोन्ही तीरांना अकोट, तेल्हारा, बाळापूर, मूर्तिजापूर, दर्यापूर, अंजनगाव, भातकुली या भागांत खारपाणपट्टा पसरला आहे. विहिरीचे पाणी खारे, ते पिकाला दिले की जमीन बिघडते, पिण्याचे पाणी दुरून आणावे लागते. या पट्ट्यातली माती बिघडते ती मुख्यतः सोडियममुळे. मातीच्या कणांना सोडियम चिकटला की कण एकमेकांपासून सुटतात, बारीक होऊन भोके बुजवतात आणि पाण्याचा निचरा थांबतो. नागपूरच्या राष्ट्रीय मृदा सर्वेक्षण व भूमी उपयोग नियोजन संस्थेच्या शास्त्रज्ञांनी पूर्णा खोऱ्याच्या अभ्यासात दाखवून दिले आहे की या स्मेक्टाइटी मातीत सोडियमचे प्रमाण इतरत्र जेवढे चालते त्याहून बरेच कमी असतानाच निचरा ढासळू लागतो. म्हणून तर शेतकरी पैसे घालून जिप्सम टाकतो आणि त्यातल्या कॅल्शियमने सोडियमला हटवायची खटपट करतो. स्वयंपाकाच्या एक किलो मिठात सुमारे ३९० ग्रॅम सोडियम असतो. बुंध्यात पाच-दहा किलो मीठ घालणारा माणूस आपल्या आवारात खारपाणपट्ट्याचा एक लहान तुकडा तयार करतो, आणि मीठ पावसाने वाहून जाईल अशा भरवशावर असतो. निचरा नसलेल्या काळ्या मातीत ते वाहून जात नाही, आजूबाजूला पसरते. आणि बुंधा? तो मरतो खरा, पण कुजत नाही. मिठाने लाकूड टिकते, कारण कुजवणाऱ्या बुरशीलाच मीठ सोसत नाही. जळके ऑइल, डिझेल आणि ॲसिडबद्दलही हेच म्हणता येईल. ती मातीत उतरतात आणि ज्या भागात बोअरचे पाणी हाच अनेक घरांचा आधार आहे तिथे ती कुठे जातील हे सांगायला नको. तणनाशकांचा मोह होतो, पण २०२२ च्या ऑक्टोबरात केंद्र सरकारने ग्लायफोसेटचा वापर कीडनियंत्रण व्यावसायिकांपुरता मर्यादित करणारा आदेश काढला. शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात २०१७ साली फवारणीच्या विषबाधेने शेतकरी आणि शेतमजूर दगावले, ही आठवण असताना अंगणात, पोरासोरांच्या खेळायच्या जागी, हातमोजे न घालता विष ओतणे मला समजत नाही. पेटवून देण्याबद्दल एवढेच सांगतो की उन्हाळ्यात बुंध्याची धग मुळांतून जमिनीखाली धुमसत राहते आणि ती कुठे बाहेर येईल याचा नेम नसतो.

मग उधईचे काय, हा सर्वांत वजनदार आक्षेप आहे, आणि तो खोटा नाही. सुके लाकूड जमिनीत ठेवले म्हणजे उधईला जेवण वाढले. भारतीय मानक ब्युरोच्या आय.एस. ६३१३ या उधई-प्रतिबंधाच्या मानकातही बांधकामाच्या जागेवरचे बुंधे, मुळे आणि लाकडाचे तुकडे आधी काढून टाकायला सांगितले आहे. पण ती सूचना घराच्या खालच्या आणि लगतच्या जमिनीसाठी आहे. उधई मातीत राहतेच, बुंधा असो वा नसो. घराला धोका तेव्हा होतो जेव्हा तिला मातीतून सरळ चौकटीपर्यंत किंवा लाकडी तुळईपर्यंत वाट मिळते. म्हणून भिंतीला किंवा ओट्याला टेकलेला बुंधा काढलाच पाहिजे, याबद्दल वाद नाही. दहा-पंधरा फूट दूर असलेल्या बुंध्याबद्दल मात्र उपाय वेगळा आहे: दर पावसाळ्यानंतर घराच्या जोत्यावर बाहेरून मातीच्या बारीक नळ्या चढल्या आहेत का ते बघायचे आणि जोत्याला लागून माती, पालापाचोळा, जुन्या लाकडांचा ढीग ठेवायचा नाही. जेसीबी लावूनही आडवी मुळे जमिनीत राहतातच, तेव्हा उधईचे जेवण त्यानेही संपत नाही. झाडझाडांतही फरक आहे. आंब्याचे लाकूड उधईला लवकर बळी पडते, सुबाभूळ, गुलमोहर, शेवगा भराभर कुजतात. निंब आणि बाभळीचा गाभा बराच काळ दाद देत नाही.

दुसरी तक्रार फुटव्याची. निंब, सुबाभूळ, करंज, सिसम कापले तरी पुन्हा फुटतात आणि वेडी बाभूळ तर जमिनीखाली वीतभर खोल कापल्याशिवाय हार मानत नाही. यामागे मुळांत साठवलेला पिठूळ साठा असतो. झाड नवी पालवी काढते तेव्हा तो साठा उतरतो, आणि हिवाळ्यात कापले तर तो भरलेला असतो. म्हणून परवानगीची मुदत जुळत असेल तर चैत्र-वैशाखाची पालवी फुटून गेल्यावर कापलेले झाड कमी जोमाने फुटते. त्या काळात झाडावर घरटी असतील तर थांबणे भाग आहे, हे वेगळे सांगायला नको. फुटवे आले की ते कोवळे असतानाच हाताने मोडावेत आणि पावसाळ्यात दर पंधरा दिवसांनी हे करत राहावे. प्रत्येक फुटव्यासाठी मुळाला साठ्यातून खर्च करावा लागतो आणि पानाकडून परतफेड होत नाही, तेव्हा एक-दोन वर्षांत साठा संपतो. झाड घराहून जुने असेल तर मात्र मी फुटवे सगळे मोडू नयेत असे म्हणेन. दोन-चार धुमारे ठेवून ते छाटत राहिले तर मुळे थोडे थोडे पाणी ओढत राहतात आणि जमिनीचे फुगणे संथ होते. एकूण फुगवटा त्याने टळत नाही, पण तो सावकाश झाला तर तडे कमी जातात आणि डागडुजीला वेळ मिळतो.

बुंधा कुजवायचा तर हंगाम दिवाळीनंतरचा. तेव्हा काळ्या मातीला वाफसा असतो. ती ना दगडासारखी कडक, ना पायाला चिकटणारी. टिकासाने बुंध्याभोवती फूट-दीड फूट माती सैल करावी, वर आलेली आडवी मुळे कुऱ्हाडीने तोडावीत आणि खोड जमिनीच्या बोट-दोन बोटे खाली येईल असे करवतीने कापावे. वरच्या तोंडावर जाड गिरमिटाने उभी भोके पाडून त्यात शेणाचा पातळ काला आणि मूठभर युरिया भरावा. लाकडात कार्बनच्या मानाने नत्र फारच थोडे असते, आणि कुजवणाऱ्या बुरशीला तेच कमी पडते. युरियाने ती उणीव भरून निघते. वर माती आणि पालापाचोळ्याचा थर देऊन तो ओलसर ठेवला की मऊ लाकडाचा बुंधा तीन-चार वर्षांत हाताने फुटतो. निंबाला बराच अधिक काळ लागतो. तोवर त्यावर माती टाकून भाजीचे आळे करता येते. कुजलेल्या मुळांच्या जागी मातीत उभ्या नळ्या राहतात. ओली झाल्यावर पाणी जवळजवळ शिरूच न देणाऱ्या काळ्या मातीत या नळ्या पावसाचे पाणी सावकाश आत नेतात, आणि ते एका खड्ड्यात न साठता सबंध आवारात पसरते.

बाकीचे आक्षेप लवकर आटोपण्यासारखे आहेत. मुळे पाइपांत शिरतात हे खरे, पण ती जिवंत मुळे, आणि तीही गळणाऱ्या जोडाकडे जातात. मेलेले मूळ वाढत नाही. विंचू-साप बुंध्याच्या पोकळीत राहतात, म्हणून तो जमिनीच्या वर ठेवायचा नाही आणि पोकळी मातीने भरायची. कुजताना जागा खचते, तेव्हा दरवर्षी दोन घमेली माती टाकावी लागते. त्या जागेवर पेव्हर बसवायचे असतील किंवा गाडी उभी करायची असेल तर खचण्याचा त्रास मोठा होतो आणि तिथे बुंधा काढणेच बरे.

इथेच अपवादांची हद्द सुरू होते. बुंध्याच्या जागेवर खोली, ओटा किंवा टाकी बांधायची असेल तर मुळे पूर्ण काढावीत, काळी माती काढून मुरूम थराथराने ओला करून दाबावा आणि शक्य असेल तर एक पावसाळा जाऊ देऊन मग पाया घ्यावा. भिंतीच्या सांध्यात उगवलेला पिंपळ, वड किंवा उंबर बोटभर असतानाच काढावा. या झाडांना हात लावायला लोक धजत नाहीत, पण मुळी भिंतीत जाड झाली की पुढे भिंतच उतरवावी लागते. रोप लहान असताना काढून मोकळ्या जागी लावले तर श्रद्धाही राहते आणि भिंतही. तिसरा अपवाद वरूड-मोर्शीकडच्या बागाइतदारांना चांगला माहीत आहे. डिंक्याने गेलेले संत्र्याचे झाड मुळांसकट काढले जाते, कारण रोग आणणारी फायटोप्थोरा बुरशी मुळांच्या तुकड्यांत आणि मातीत टिकून राहते. घराच्या आवारातले संत्रे किंवा लिंबू असे गेले असेल तर तिथेही तेच करावे, खड्डा उन्हाळाभर तापू द्यावा आणि नवे कलम दुसऱ्या जागी लावावे.

कायद्याकडे लोक केवळ झाड तोडण्याची परवानगी म्हणून बघतात. महाराष्ट्र (नागरी क्षेत्रे) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम १९७५ मध्ये झाड तोडण्याची व्याख्या मात्र बरीच रुंद आहे: उपटणे, बुलडोझरने पाडणे, साल काढून गोल खाच पाडणे, जाळणे, विष घालणे हे सारे तीत येते. म्हणजे झाड आधी मीठ-ॲसिडने ‘वाळवून’ मग वाळले म्हणून अर्ज करणे हा गुन्हाच आहे. २०२१ च्या दुरुस्तीने पन्नास वर्षांवरच्या झाडांना वारसा वृक्ष मानले आणि तोडलेल्या झाडाचे जितके वय तितकी नवी झाडे लावण्याची अट घातली. याचा अर्थ झाडाचे वय अर्जाच्या वेळी ठरवावेच लागते. अमरावती महापालिका १९८३ पासून आणि अकोला महापालिका २००१ पासून काम करत आहे. दोन्ही शहरांच्या वृक्ष प्राधिकरणांनी त्याच अर्जात आणखी तीन रकाने घालावेत: घर कोणत्या साली बांधले, झाडापासून पाया किती फुटांवर आहे आणि बुंध्याचे काय करणार. अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाला काळ्या आणि खाऱ्या मातीचा दांडगा अनुभव आहे. त्याने आवारातल्या झाडांसाठी, घराच्या पायाचा विचार धरून, एक छोटी मराठी पुस्तिका काढली तर ती दर परवानगीपत्रासोबत देता येईल. तोवर ज्यांच्या आवारात यंदा झाड तुटले आहे त्यांनी जेसीबीवाल्याला फोन करण्याआधी घराच्या चारही कोपऱ्यांवरचे तडे पेन्सिलने तारीख घालून खुणवून ठेवावेत आणि निदान एक पावसाळा बुंध्याला हात लावू नये.